कागदावरचे वावर

आमच्या वर्धा जिल्ह्यात शेताला वावर म्हणतात. वावर विकले जाते, गहाण पडते, वाटणीत तुटते. धुऱ्याच्या वीतभर मातीसाठी सख्ख्या भावांचे बोलणे बंद होते. हे सगळे डोळ्यांना दिसते. पण वावराचा आणखी एक व्यवहार असतो, तो दिसत नाही. पेरणारा तोच, बैल तेच, विहीर तीच, धुऱ्यावरची बोरही तीच. बदलते ते फक्त सातबारावरचे नाव. असे एक पाच एकरांचे वावर एकतीस वर्षे आमच्या घराच्या नावावर होते. माझ्या आईने ते कधीही विकत घेतले नव्हते. ते तिच्या नावावर कसे झाले, यात माझा हात होता. म्हणून हा लेख.

१९८७ सालची गोष्ट. गुढीपाडव्याला चार दिवस राहिले होते. रात्री नऊच्या सुमारास मामा आमच्या वर्ध्याच्या घरी आला. सेलू तालुक्यात त्याची नऊ एकर शेती. शेतीच्या जोडीला त्याने बियाणे-खताचे दुकान काढले होते. दुकान उधारीवर चालले आणि उधारीनेच बुडाले. सोसायटीचे पीककर्ज होते, वर्ध्याच्या ठोक व्यापाऱ्याचे येणे होते, शेजारच्या एका विधवा बाईने विश्वासाने ठेवायला दिलेले चार हजार होते आणि सालगड्याचे दोन सालांचे सहा हजार दोनशे रुपये थकले होते. आमच्याकडे सालगड्याचे साल पाडव्याला संपते आणि पाडव्यालाच हिशेब होतो. व्यापाऱ्याच्या वकिलाची नोटीस मामाच्या खिशात होती. ती त्याने माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "तू बँकेत आहेस. कागद पक्का कसा करायचा ते सांग मले."

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. बँकेत लागून पाच वर्षे झाली होती. माझी कॉलेजची फी मामाने दोन वर्षे कापसाच्या चुकाऱ्यातून भरली होती. तेव्हा मी 'नाही' म्हणालो नाही. उलट हुशारीने सांगितले. पहिले, किंमत कमी लिहू नका, बाजारभावाने लिहा. दुसरे, रोख दिले असे दाखवू नका. पैसा आईच्या पासबुकातून जाऊ द्या. तिसरे, फेरफार लगेच करून घ्या आणि शेतसाऱ्याची पावती आईच्या नावाने फाडा. चौथे, एक वर्ष तरी त्या वावरात स्वतः औत धरू नका. मामाने कुठून तरी वीस हजार गोळा करून आणले. ते आईच्या खात्यात भरले गेले, आईने ते मामाला दिले आणि चार दिवसांत ते जिथून आले होते तिथे परत गेले. आमच्या घरचीही थोडी शेती होती, त्यामुळे आईला शेतकरी म्हणून खरेदीला अडचण नव्हती. अर्जनवीसाने कागद लिहिला. त्यात 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' हे शब्द होतेच.

सही करण्यापूर्वी आईने मला एवढेच विचारले, "पैसे तर मी दिले नाहीत. मग मी घेतले काय?"

मी म्हणालो, "काही नाही. नुसती सही आहे."

या 'नुसत्या सही'ला कायद्यात नाव आहे: कपटपूर्ण हस्तांतरण. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५३ सांगते, की धनकोंना चुकवण्याच्या किंवा त्यांना ताटकळत ठेवण्याच्या हेतूने कोणी आपली स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली, तर ज्याचे पैसे त्यामुळे अडकले तो धनको ते हस्तांतरण रद्द करून मागू शकतो. मात्र अशी फिर्याद त्याने एकट्यासाठी आणायची नसते; सगळ्या धनकोंच्या वतीने, सगळ्यांच्या हितासाठी आणायची असते. आणि ज्याने खरोखर पैसे मोजून, यातले काही ठाऊक नसताना जमीन घेतली, त्याला हे कलम धक्का लावत नाही.

पण हेतू मनात असतो. तो कोर्टाला दिसायचा कसा? याचे उत्तर चार शतकांपूर्वीच्या एका इंग्रजी खटल्यात सापडते. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, १५७१ साली, तिकडे याविरुद्ध कायदा झाला आणि १६०१ मध्ये ट्वाइनचा प्रसिद्ध खटला झाला. पिअर्स नावाच्या माणसावर ट्वाइनचे चारशे पौंड आणि दुसऱ्या एकाचे दोनशे पौंड कर्ज होते. दुसऱ्याने दावा लावताच पिअर्सने आपली तीनशे पौंडांची सगळी चीजवस्तू गुपचूप ट्वाइनला लिहून दिली. पण मेंढ्या पिअर्सकडेच राहिल्या. तो त्यांची लोकर कातरीत राहिला आणि त्यांच्यावर स्वतःचीच खूण उमटवीत राहिला. न्यायाधीशांनी लबाडीच्या खुणा एकेक करून मोजल्या: सगळेच देऊन टाकले, मागे काही ठेवले नाही, गुपचूप दिले, दावा चालू असताना दिले, ताबा सोडला नाही, आणि दस्तातच आवर्जून लिहिले, की हा व्यवहार अगदी प्रामाणिक आहे. खऱ्या व्यवहाराला अशी शपथ घ्यावी लागत नाही, हा त्यातला मथितार्थ.

आपल्याकडची कोर्टेही अशाच खुणा पाहतात. पैसा आला कुठून, ताबा कोणाकडे, घेणारा देणाऱ्याचा कोण लागतो, मूळ कागद कोणाच्या पेटीत आहेत आणि व्यवहारानंतर दोघे वागले कसे. बेनामी व्यवहार ओळखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली जयदयाल पोद्दार खटल्यात जवळपास हीच यादी दिली. मी मामाला जो सल्ला दिला होता, तो म्हणजे ही यादी उलटी करून वाचणे होते. एकेक खूण पुसून टाकण्याचा तो कार्यक्रम होता. मामाने त्यातल्या तीन पुसल्या. चौथी त्याला जमली नाही. मृगाचा पाऊस पडल्याबरोबर त्याने त्याच वावरात औत घातले, आणि पुढे पंपाच्या खोलीवर चुन्याने स्वतःचे नावही लिहिले. पिअर्सच्या मेंढ्यांवरची खूण आणि मामाच्या पंपावरचा चुना यांत मला आजही फरक दिसत नाही.

तरीही त्याला कोणी धरले नाही. व्यापाऱ्याने दावा लावला, त्याला हुकूमनामा मिळाला. पण जप्त करायला मामाच्या नावावर उरले होते ते फक्त सोसायटीचा बोजा असलेले चार एकर. बहिणीला केलेले खरेदीखत लबाडीचे आहे हे सिद्ध करायला आणखी एक फिर्याद, आणखी वकील, आणखी दहा वर्षे. व्यापाऱ्याने हिशेब मांडला आणि नाद सोडला. अशा व्यवहारांचे बळ कागदाच्या पक्केपणात नसते, समोरच्याच्या थकव्यात असते.

आता एक साधा प्रश्न. या लबाडीत बुडाले कोण? सोसायटी बुडाली नाही. सहकारी संस्थेच्या कर्जाचा भार जमिनीवर चढतो, सातबाराच्या 'इतर हक्कां'त त्याची नोंद होते आणि तो भार चुकवून जमीन विकता येत नाही. सोसायटीचे पैसे पुढे चार वर्षांत वसूल झाले. व्यापाऱ्याला झळ लागली, पण त्याचे दुकान चालू राहिले. खरे बुडाले ते दोघे, ज्यांच्याजवळ कागदच नव्हता: ठेव ठेवणारी बाई आणि सालगडी. तारण घेणारा धनको जमिनीला धरून असतो. जमीन कोणाच्याही नावावर जावो, त्याचा बोजा तिच्यामागे जातो. मालमत्ता फिरवली की मार बसतो तो बिनतारणाच्या माणसाला. ज्याने माणसाकडे पाहून पैसे दिले, किंवा ज्याने पैशाऐवजी अंगमेहनत दिली, त्याला.

हे मला बँकेच्या नोकरीने पुन्हा पुन्हा दाखवले. २००५ च्या सुमारास वसुलीच्या कामासाठी मी जिल्ह्यातल्या एका कापूस व्यापाऱ्याच्या बंगल्यावर गेलो होतो. दारावरची पाटी नुकतीच बदललेली. पत्नीचे नाव रंगवले होते आणि रंग ओला होता. माझ्या शर्टाच्या बाहीला तो लागला. बंगला पत्नीच्या नावे, मोटार मुलाच्या नावे, गावाबाहेरचा भूखंड मेहुण्याच्या नावे. त्या गृहस्थाच्या स्वतःच्या नावावर फक्त देणी उरली होती. बँकेकडे कारखाना गहाण होता, तो विकून आमचे बरेचसे पैसे आले. पण फाटकाबाहेर पंधरा-वीस शेतकरी कच्च्या पावत्या घेऊन बसले होते. त्यांचे कापसाचे चुकारे अडकले होते. त्यांच्यातला एक म्हातारा मला म्हणाला, "साहेब, तुमची मोहोर आहे, तुमाले भेटते. आमच्या चिठ्ठीले कोन इचारते?" त्या बाहीचा डाग पुढे निघाला नाही.

धनको म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सावकार उभा राहतो. विदर्भात तो उभा राहणे स्वाभाविकच आहे. पण बँकेत पैसे ठेवणारा निवृत्त शिक्षकही धनकोच असतो, चुकाऱ्याची वाट पाहणारा कास्तकारही आणि पाडव्याची वाट पाहणारा सालगडीही. जिल्हा मध्यवर्ती बँका अडचणीत आल्या तेव्हा वर्ध्याच्या ठेवीदारांनी हे चांगले अनुभवले. २०१४ साली केंद्र सरकारने देशातील २३ जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, त्यांत महाराष्ट्रातल्या तीन होत्या: नागपूर, बुलढाणा आणि आपली वर्धा. त्या अडचणीची कारणे अनेक होती. पण आपलाच पैसा मागायला रांगेत उभे राहणे म्हणजे काय, हे त्या वर्षांत अनेक घरांना कळले. ठेवीदारांसाठी महाराष्ट्राने १९९९ साली वेगळा कायदाही केला. ठेवी बुडवणाऱ्या संस्थेने मालमत्ता लबाडीने दुसऱ्याच्या नावे केली असेल, तर त्या दुसऱ्यालाही कोर्टापुढे उभे करण्याची सोय त्यात आहे.

हा रोग खेड्यापुरता नाही. विजय मल्ल्यांना २०१६ साली एका परदेशी कंपनीकडून चार कोटी डॉलर मिळाले. भारतीय बँकांचे हजारो कोटी थकलेले असताना आणि मालमत्ता हलवू नये असा न्यायालयाचा आदेश असताना, ती रक्कम त्यांनी आपल्या तीन मुलांच्या नावे वळवली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली त्यांना अवमानाबद्दल दोषी ठरवले. जुलै २०२२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा दिली आणि ती रक्कम व्याजासह परत आणण्याचा हुकूम केला. रकमेतली शून्ये सोडली, तर आमच्या घरी त्या रात्री जे झाले तेच हे होते.

कायद्याचे हात तसे थोडके नाहीत. कोणी आपले सर्वस्व कोणाला बक्षीसपत्राने देऊन टाकले, तर घेणारा त्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंत देणाऱ्याच्या तेव्हाच्या सगळ्या देण्यांना बांधील राहतो, असे १८८२ च्याच कायद्याचे कलम १२८ सांगते. धनकोंना चुकवण्यासाठी मालमत्ता लपवणे किंवा दस्तात खोटी किंमत लिहिणे हा फौजदारी गुन्हाही आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमे ४२१ ते ४२४ होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची ३२० ते ३२३ आहेत. कंपनी दिवाळखोरीत गेली, तर त्याआधीच्या दोन वर्षांत तिने आपल्याच माणसांना स्वस्तात काय दिले, हे २०१६ च्या संहितेखाली उकरून काढता येते.

पण या सगळ्याचा अर्थ असा नव्हे, की कर्ज असलेल्या माणसाने लेकीला काही देऊच नये. ज्याची देणी फेडण्याइतकी मालमत्ता मागे उरते, त्याने बायकोच्या नावे घर केले तर ती लबाडी नव्हे. पाच धनकोंपैकी एकाचेच खरे देणे पुरते फेडले, तर तेवढ्यावरून ते हस्तांतरणही कपटाचे ठरत नाही; हे प्रिव्ही कौन्सिलने १९१५ सालीच सांगून ठेवले आहे. आणि देणेदाराला अगदी उघड्यावर आणावे असेही कायदा म्हणत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० वाचून पाहावे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रीतीने स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, बैल आणि बियाणे जप्त होत नाहीत. जगायला लागते तेवढे कायद्याने आधीच बाजूला काढून ठेवले आहे. लपवायचे असते ते त्याच्या पलीकडचे.

वर्ध्याच्या वाचकाच्या मनात आणखी एक प्रश्न आला असेल. सावकार काय कमी लबाड? प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे कर्ज देताना गहाणखत न करता सरळ खरेदीखतच करून घेण्याची चाल होती. 'पैसे फेडले की वावर परत लिहून देईन' हे तोंडी, आणि विक्री कागदावर. तीही खोटी विक्रीच. फक्त उलट्या दिशेची. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाने अशी बळकावलेली जमीन चौकशीअंती परत देण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला दिला. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होताच. तेव्हा कर्जाच्या भीतीने माणूस काय काय करतो, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. मामा लबाड नव्हता, तो भ्यालेला होता. पण भ्यालेल्या माणसाने आपले वावर वाचवले, ते त्याच्याहून गरीब माणसाच्या पैशाने. भीती समजण्यासारखी आहे; तिची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे.

याच वर्ध्यात हक्क सोडण्याची एक निराळी गोष्ट घडली होती. १९०७ साली जमनालाल बजाज सतरा वर्षांचे होते. दत्तक घराण्यातले आजोबा शेठ बच्छराज रागाने काही बोलले, तेव्हा त्यांनी पत्र लिहून सगळ्या इस्टेटीवरचा हक्क सोडला आणि घराबाहेर पडले. आजोबांनी समजूत घालून परत आणले खरे. पण सोडले तेव्हा त्यांनी ते खरोखर सोडले होते. पंपाच्या खोलीवर नाव लिहायला ते मागे राहिले नव्हते. देणे आणि दिल्याचे दाखवणे यांतला फरक समजायला हे उदाहरण पुरे आहे.

आणि दिल्याचे दाखवणाऱ्याचे पुढे काय होते? लोक समजतात, की वादळ गेले की वावर परत आपल्या नावावर करून घेऊ. येथेच फसगत होते. खोटे खरेदीखत धनकोपुरते खोटे असते. ज्याच्या नावे झाले त्याच्या हातात ते खरे असते. सर्वोच्च न्यायालयापुढे १९६१ साली आंध्रातला असाच एक खटला आला. धनकोंना फसवण्यासाठी खरेदीखत करून दिले, पुढे कागदावरच्या मालकाकडच्यांनी जमिनीचा ताबा मागितला, आणि ज्यांच्याकडे ताबा होता ते म्हणू लागले की तो व्यवहार खोटाच होता. निकाल लिहिला तो आपल्या साताऱ्याच्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. लबाडीत दोघेही सारखेच भागीदार असतील, तर कोर्टाने लबाडीच्या कागदावर मागणाऱ्याला हात द्यायचा नाही. मालमत्ता जिथे आहे तिथे राहील, असा त्याचा आशय. पुढे १९८८ च्या बेनामी कायद्याने, दुसऱ्याच्या नावे ठेवलेली मालमत्ता 'खरा मालक मीच' म्हणून कोर्टातून मागण्याचा मार्ग बंद केला. थोडक्यात, लबाडीच्या कागदाला जामीन फक्त नात्याचा. आणि नाते एका पिढीचे असते, कागद तीन पिढ्या टिकतो.

आमच्या बाबतीत तेच झाले. आई २०११ साली गेली. वारस म्हणून आम्हा तिघा भावंडांची नावे सातबारावर चढली. मामा २०१४ मध्ये गेला. तोवर कोणी काही बोलले नाही. मामाची मुले वावर पेरीत होती, आम्ही दिवाळीला त्यांच्याकडची तुरीची डाळ आणीत होतो. मग मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग आला. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता आमच्या जिल्ह्यातून सेलू, वर्धा, आर्वी असा जातो. त्या पाच एकरांतले बरेचसे वावर त्यात गेले. २०१८ साली मोबदल्याची रक्कम आली ती आमच्या तिघांच्या खात्यांत. मामाला एका हंगामात कधी दिसला नसेल एवढा तो पैसा होता.

धाकटा भाऊ म्हणाला, "कागद आईचा आहे. पैसा आपला." बहीण म्हणाली, "मामाने आईला भाऊबीजेची ओवाळणी दिली, असे समजू." मामाची मुले दारात येऊन बसली. थोरला मला म्हणाला, "दादा, तुमाले तं माहीत आहे." मला ठाऊक होते. माझ्याइतके कोणालाच नव्हते. वकील मित्राला विचारले, तो म्हणाला, "कायद्याने पैसा तुमचाच." तीस वर्षांपूर्वी मी जो कागद पक्का केला होता, तो इतका पक्का निघाला होता, की आता तो माझ्याच मामेभावांच्या गळ्याशी आला होता.

मी भावंडांना बसवून १९८७ ची ती रात्र सांगितली. आईचा प्रश्न सांगितला आणि माझे उत्तरही सांगितले. दोन महिने घरात बोलणे तुटले होते. शेवटी भाऊ तयार झाला आणि पैसे मामाच्या मुलांकडे गेले. माझी अट एकच होती: आधी मामाची देणी. व्यापाऱ्याचे दुकान केव्हाच बंद झाले होते आणि त्याचे कुटुंब जिल्हा सोडून गेले होते. ठेव ठेवणारी बाई निपुत्रिक वारली होती. सालगडीही उरला नव्हता. त्याची मुलगी सिंदी रेल्वेला राहते, असे कळले.

एकतीस वर्षांपूर्वीचे देणे कायद्याने केव्हाच मेलेले होते. पण १८७२ च्या करार कायद्यात एक सुरेख पोटकलम आहे: मुदत टळलेले कर्ज फेडीन असे ज्याचे देणे त्याने लिहून सही केली, तर ते वचन बंधनकारक होते. कायदा मेलेल्या देण्यामागे धावत नाही, पण ते कोणाला जिवंत करायचेच असेल तर आडवाही येत नाही. आता प्रश्न व्याजाचा. सहा हजार दोनशेला नऊ टक्क्यांनी सरळ व्याज लावले, तर तेवीस हजार चारशे अठ्ठ्याण्णव होत होते. पण बँकेत मी कर्जदाराला आयुष्यभर चक्रवाढ लावली होती. मग सालगड्याला सरळ कसे लावायचे? चक्रवाढीने एकोणनव्वद हजार सहाशे त्रेसष्ट झाले. निम्मे थोरल्या मामेभावाने दिले, निम्मे मी. सल्ला माझा होता.

सिंदीला तिचे घर स्टेशनापासून दूर नव्हते. ती ओसरीवर तूर पाखडीत होती. मी कोण, कुठून आलो, कशाचे पैसे, हे सगळे सांगितले. तिने सूप बाजूला ठेवले, हात पदराला पुसले आणि पाकीट मांडीवर घेऊन बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बा तं म्हणे, मालकाचं वावरच गेलं, तं तो बिच्चारा कुठून देईन. त्यानं कधी मांगतलेच नाही मंग."

मी काही बोललो नाही.

तिने माझ्याकडे पाहिले. "मंग गेलं नव्हतं का जी?"